टॉवरचा खर्च कोण उचलतो?

मुंबईहून हैदराबादला निघालेले विमान अर्ध्या वाटेवर तुळजापूरच्या आसपास पोहोचते. आकाश निरभ्र असेल तर उजवीकडच्या खिडकीतून उजनीचा जलाशय आणि थोड्या वेळाने सोलापूर शहर दिसू शकते. त्या विमानाला सोलापुरात उतरायचे नसते. सोलापूरच्या टॉवरशी ते बोलतही नाही. त्याला वाट दाखवणारा कंट्रोलर दूरच्या मोठ्या केंद्रात बसलेला असतो. तरीही होटगी रस्त्यावरच्या विमानतळाचा टॉवर चालवायला जो खर्च येतो, त्याचा काही वाटा अशा वरून जाणाऱ्या विमानांच्या पैशातून निघतो.

हा पैसा कसा फिरतो ते कळले की खासगी वैमानिकाचे बरेचसे प्रश्न उलगडतात. खासगी वैमानिक म्हणजे एअरलाइनच्या नोकरीत नसलेला, स्वतःच्या, क्लबच्या किंवा प्रशिक्षण संस्थेच्या छोट्या विमानातून उडणारा माणूस. त्याने कुठे उतरायचे, किती वाजेपर्यंत, किती पैशांत, हे बऱ्याच अंशी या पैशाच्या वाटेवर ठरते, आणि ती वाट आखताना त्याला कोणी विचारलेले नसते.

भारतात हवाई वाहतूक नियंत्रणाचे काम भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. आंतरराष्ट्रीय विमानतळांचे एक आणि देशांतर्गत विमानतळांचे एक अशी दोन जुनी प्राधिकरणे एकत्र करून १ एप्रिल १९९५ रोजी ते स्थापन झाले. २००६ मध्ये दिल्ली आणि मुंबईचे विमानतळ खासगी कंपन्यांच्या हाती गेले, पण तिथला टॉवर प्राधिकरणाकडेच राहिला. इमारत, दुकाने, पार्किंग कोणाचेही असो, आकाशातली वाहतूक सरकारी यंत्रणाच सांभाळते.

या यंत्रणेचा मुख्य आधार थेट करांचा नाही, शुल्कांचा आहे. मार्गातल्या दिशादर्शनाच्या सोयींसाठी विमानाकडून जे शुल्क घेतले जाते त्याला या व्यवसायात सगळे आरएनएफसी म्हणतात. विमानाचे वजन आणि कापलेले अंतर यांवर ते ठरते. उतरताना विमानतळाजवळ मिळणाऱ्या मार्गदर्शनाचे शुल्क वेगळे, त्याला टीएनएलसी म्हणतात. शिवाय धावपट्टीवर टेकण्याचे आणि उभे राहण्याचे भाडे. गजबजलेल्या मार्गांवरून हे पैसे भरपूर जमतात आणि प्राधिकरणाचे जे अनेक छोटे विमानतळ तोट्यात चालतात त्यांचा भार त्यातून पेलला जातो. सोलापूरसारख्या ठिकाणी दिवसाकाठी दोन-चार विमाने आली तरी टॉवरमध्ये माणूस लागतो, रेडिओ लागतो, वीज गेली तर जनरेटर लागतो, धावपट्टीशेजारी अग्निशमनाची गाडी सज्ज ठेवावी लागते. हा खर्च विमाने मोजून येत नाही. एसटीच्या छोट्या स्थानकावर दिवसाला चार गाड्या आल्या तरी वाहतूक नियंत्रकाचा पगार पूर्णच द्यावा लागतो, तसेच हे आहे.

सोलापूरच्या विमानतळाने अशी रिकामी वर्षे खूप पाहिली. १९८७ साली बांधलेल्या या विमानतळावर किंगफिशरची मुंबई सेवा काही काळ आली आणि बंद पडली. त्यानंतर धावपट्टी होती, पण तिकीट काढून बसता येईल असे विमान नव्हते. नेत्यांची चार्टर विमाने आणि हेलिकॉप्टरे येत-जात राहिली. छोट्या शहरांना विमानसेवा देण्याच्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेत सोलापूरचे नाव आले, तेव्हा शेजारच्या सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची नव्वदेक मीटर उंचीची चिमणी आडवी आली. कारखान्याचे सभासद शेतकरी एका बाजूला, विमानसेवा मागणारे शहर दुसऱ्या बाजूला, असा तो वाद कित्येक वर्षे चालला. अखेर १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडली गेली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी नूतनीकरण झालेल्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ९ जून २०२५ रोजी फ्लाय ९१ कंपनीचे विमान गोव्याहून आले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये स्टार एअरची मुंबई सेवा सुरू झाली.

या घडामोडींत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. चिमणी उभी होती तेव्हाही छोटी विमाने उतरत होती. म्हणजे विमानतळ बंद नव्हता. बंद होती ती नियमित प्रवासी सेवा. पण सगळी चर्चा, सगळा निधी आणि सगळी घाई त्या एका सेवेभोवती फिरली, कारण मदतीच्या योजनांची रचनाच तशी आहे.

उडान योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली आणि तिचे पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला–दिल्ली मार्गावर उडाले. मुख्य मार्गांवरच्या उड्डाणांवर आकारणी करून एक निधी उभारायचा आणि त्यातून छोट्या शहरांच्या मार्गांवर तोटा भरून द्यायचा, ही तिची मूळ कल्पना. तुटीचा मोठा हिस्सा या निधीतून, उरलेला राज्याकडून, आणि तोही तीन वर्षांपुरता. योजनेतल्या उड्डाणांना टीएनएलसी माफ, आरएनएफसी नेहमीच्या दराच्या साडेबेचाळीस टक्के, उतरण्याचे आणि उभे राहण्याचे भाडे माफ. राज्याने पोलीस आणि अग्निशमन सेवा विनामूल्य पुरवायची, विमानाच्या इंधनावरचा व्हॅट एक टक्का किंवा त्याहून कमी ठेवायचा. ही मदत योग्यच आहे. सोलापूरचा व्यापारी, रुग्ण, विद्यार्थी यांना याचा थेट उपयोग आहे.

मुंबई मार्गासाठी महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये स्वतःच्या तिजोरीतून प्रति आसन ३,२४० रुपये देण्याचा निर्णय घेतला. वर्षाची तरतूद १७ कोटी ९७ लाख ५५ हजार २०० रुपये. हा आकडा कुठून आला ते पाहण्यासारखे आहे. ७६ आसनांचे विमान, रोज एक जाणे आणि एक येणे, वर्षाचे ३६५ दिवस: ५५,४८० आसने. त्याला ३,२४० ने गुणले की नेमकी हीच रक्कम येते. सरकारने विकत घेतली ती आसने. टॉवर किती तास उघडा राहील, त्या तासांत आणखी कोण उडू शकेल, याला या हिशेबात जागाच नाही.

आता छोट्या विमानाकडे वळू. भारतात खासगी वैमानिकाचा परवाना मिळवायला किमान ४० तास आणि व्यावसायिक परवान्याला २०० तास उड्डाण करावे लागते. व्यावसायिक परवान्यासाठी ३०० नॉटिकल मैलांचा, म्हणजे साडेपाचशेहून अधिक किलोमीटरचा, एक प्रवास वैमानिक म्हणून स्वतः करावा लागतो आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून थांबावे लागते. बारामतीहून निघालेल्या विद्यार्थ्याने सोलापूर आणि बेळगाव करून परत यायचे ठरवले तर साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास अंतर भरते. नकाशावर हा त्रिकोण सोपा दिसतो. प्रत्यक्षात त्याच्या प्रत्येक टोकाला सरकारी यंत्रणेचे एकेक दार आहे.

उड्डाणाआधी फ्लाइट प्लॅन दाखल करायचा. हवाई संरक्षणाची मंजुरी, म्हणजे एडीसी क्रमांक, घ्यायचा. माहिती केंद्राकडून एफआयसी क्रमांक घ्यायचा. विमानतळाच्या अगदी जवळच्या, कमी उंचीवरच्या स्थानिक उड्डाणांना यातून सूट आहे, पण एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचे तर नाही. सोलापूरच्या वायव्येला पुण्याचे लोहगाव आणि पूर्वेच्या अंगाला बिदर, दोन्ही हवाई दलाची ठाणी. त्यामुळे या भागात मंजुरीला खरा अर्थ आहे. मग हवामान खात्याचा अहवाल, धावपट्टीबद्दलच्या ताज्या सूचना म्हणजे नोटॅम, आणि शेवटी टॉवरची परवानगी. अमेरिकेत चांगल्या हवेत, गर्दीच्या हद्दीबाहेर, यातले फारसे काही न करताही माणूस उडू शकतो. आपल्याकडे तसे नाही. म्हणून यंत्रणेचा निधी आटला, माणसे कमी पडली किंवा तास घटले तर भारतीय छोट्या वैमानिकाला त्याची झळ अधिक बसते. त्याच्यासाठी टॉवर बंद म्हणजे ते विमानतळ त्या दिवशी नकाशावरून पुसल्यासारखेच.

टॉवरच्या कामाच्या वेळेला या क्षेत्रात ‘वॉच अवर्स’ म्हणतात. गर्दी नसलेल्या विमानतळांवर हे तास मर्यादित असतात आणि नियमित विमानांच्या वेळा सांभाळणे हे त्यांचे पहिले काम असते. त्यापलीकडे टॉवर उघडा हवा असेल तर तास वाढवून मागावे लागतात आणि त्याचे वेगळे पैसे भरावे लागतात. एखाद्या चार्टर कंपनीला ते परवडते. पन्नास लाखांच्या घरात जाणारा प्रशिक्षणाचा खर्च कर्ज काढून भरणाऱ्या मुलाला किंवा मुलीला तासाला जोडून येणारा प्रत्येक रुपया जड जातो.

छोट्या विमानाने किती पैसे द्यावेत, हा जगभर वादाचा विषय आहे. युरोपातली युरोकंट्रोल ही संस्था किलोमीटरांना शंभराने भागते, मग विमानाच्या टनांतल्या वजनाला पन्नासने भागून त्याचे वर्गमूळ काढते, आणि या दोन्हींना दराने गुणते. ७८ टनांच्या, १८० प्रवाशांच्या एअरबससाठी वजनाचा गुणक १.२५ येतो. सव्वा टनाहून हलक्या, चार आसनांच्या सेसना १७२ साठी तो ०.१५ च्या आसपास येतो. वजनात सत्तरपट फरक आणि शुल्कात जेमतेम आठपट. आसनामागे पाहिले तर सेसनाच्या माणसावर एअरबसच्या प्रवाशाच्या पाचपट भार पडतो. कंट्रोलरच्या बाजूने पाहिले तर मात्र रेडिओवरचे बोलणे दोघांशी सारखेच, लक्षही सारखेच द्यावे लागते, किंबहुना नवशिक्याकडे जास्तच. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. युरोपने यातून वाट काढली ती अशी: दोन टनांखालच्या विमानांना मार्गशुल्क माफ, आणि त्या माफीचा खर्च सरकारांनी सोसायचा. कोणासाठी कोण पैसे भरतो हे तिथे लिहिलेले असते, हे मला महत्त्वाचे वाटते.

कॅनडाने १ नोव्हेंबर १९९६ रोजी अख्खी हवाई नियंत्रण यंत्रणा दीड अब्ज कॅनेडियन डॉलरला नॅव्ह कॅनडा या ना-नफा कंपनीला विकली. तिथे हलक्या खासगी विमानाला प्रत्येक फेरीचा हिशेब न करता वर्षाचे छोटे एकरकमी शुल्क असते. अमेरिकेत फेरीमागे शुल्कच नाही. विमानाच्या तिकिटावर साडेसात टक्के कर, छोट्या विमानांच्या पेट्रोलवर गॅलनमागे १९.४ सेंट कर, आणि ते सगळे एका निधीत. छोट्या वैमानिकांना ही पद्धत प्रिय आहे, कारण रेडिओवर मदत मागताना कोणी मीटर चालू करत नाही. खराब हवेत अडकलेल्या माणसाने पैशाचा विचार करून टॉवरशी बोलणे टाळले तर ते त्याच्याच नाही, खालच्या माणसांच्याही जिवावर बेतू शकते. २०१७ मध्ये तिथली यंत्रणा सरकारपासून वेगळी काढण्याचे विधेयक आले तेव्हा खासगी वैमानिकांच्या संघटनेने कडाडून विरोध केला आणि पुढच्या वर्षी ते मागे पडले.

पण सरकारी पैशालाही धोके आहेत. २०१३ मध्ये अमेरिकेत खर्चकपात लागू झाली तेव्हा कंत्राटी पद्धतीने चालणारे १४९ छोटे टॉवर बंद करण्याचा आदेश निघाला होता. संसदेने निधी वळवून ते वाचवले. यादीत होते ते छोट्या गावांचेच टॉवर. न्यूयॉर्क, शिकागोला कोणी हात लावला नव्हता. कात्री लागते तेव्हा ती आधी तिथे लागते जिथे तिकीट काढणारा प्रवासी कमी आणि शिकणारा, शेतीवर फवारणी करणारा, रुग्ण नेणारा वैमानिक जास्त.

भारतात छोट्या विमानांसाठी सरकारी पैसा काही नवा नाही. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्या काळात सरकार फ्लाइंग क्लबांना अनुदान देत होते. उलट १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडींनी कराचीहून जुहूला टपाल आणले, ती टाटांची विमानसेवा सरकारी अनुदानाशिवाय सुरू झाली. आज चित्र बरोबर उलटे आहे. अनुदान एअरलाइनच्या आसनाला, आणि क्लबच्या वाट्याला सवलतीचे तुकडे.

त्या तुकड्यांचेही मोल आहे, हे नाकारता येणार नाही. डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या प्रशिक्षण संस्थांच्या विमानांना प्राधिकरण उतरण्याचे भाडे लावत नाही. २०२० मध्ये प्राधिकरणाने या संस्थांकडून घेतला जाणारा उत्पन्नातला हिस्सा रद्द केला आणि जागेची भाडी कमी केली. त्यानंतर २०२१ मध्ये बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी या पाच ठिकाणी प्रशिक्षण संस्थांना जागा दिल्या गेल्या. महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, शिरपूर, धुळे, नागपूर ही नावे वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांच्या तोंडी आधीपासून होती; आता अमरावतीही त्यांत आहे. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमाने मागवली. ती उडवणारे हात याच छोट्या धावपट्ट्यांवर तयार व्हायचे आहेत. सोलापूरचे नाव या यादीत नाही, याचे मला वाईट वाटते. सुमारे २,१०० मीटरची धावपट्टी, वर्षातले बहुतेक महिने कोरडी, स्वच्छ हवा आणि बहुतेक वेळ मोकळे आकाश, याहून शिकण्याला अधिक काय हवे?

मोकळ्या आकाशाचा मुद्दा जरा थांबून पाहावा असा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने मुंबई विमानतळावरची तासाची विमानसंख्या कमी केली आणि गर्दीच्या तासांत खासगी व चार्टर विमानांवर निर्बंध वाढवले. तिथे ते समजण्यासारखे आहे. मुंबईत एका छोट्या विमानाने घेतलेली दोन मिनिटे म्हणजे शे-दोनशे प्रवाशांचा उशीर. त्या दोन मिनिटांना खरी किंमत आहे आणि ती वसूल व्हायला हवी. सोलापुरात मात्र गोव्याचे विमान गेल्यानंतर एखाद्या विद्यार्थ्याने दहा वेळा टच अँड गो केले, म्हणजे धावपट्टीला चाके टेकवून लगेच पुन्हा उड्डाण केले, तरी टॉवरचा खर्च काडीनेही वाढत नाही. माणूस तिथे बसलेलाच आहे, वीज चालूच आहे. या दोन ठिकाणांना एकच दरपत्रक आणि एकच विचार लावणे चूक आहे. जिथे गर्दी आहे तिथे किंमत लावा. जिथे क्षमता पडून आहे तिथे ती वापरू द्या. उडान योजनेची सवलत मिळते ती योजनेतल्या उड्डाणाला, रिकाम्या आकाशाला नाही. स्वतःचे छोटे विमान घेऊन आलेला वैमानिक तिच्या चौकटीत बसत नाही.

सार्वजनिक पैसा योग्य जागी घातला की छोट्या वैमानिकाला तो कसा पोहोचतो, याचे चांगले उदाहरण ‘गगन’ आहे. इस्रो आणि प्राधिकरणाने मिळून ७७४ कोटी रुपये खर्चून उपग्रहाच्या मदतीने दिशा दाखवणारी ही प्रणाली उभारली. उतरताना वाट दाखवणारी आयएलएससारखी महागडी यंत्रे बसवणे परवडत नाही अशा धावपट्ट्यांवरही तिच्या आधारे अचूकपणे खाली येता येते. एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोच्या एटीआर विमानाने राजस्थानातल्या किशनगडला असे उतरून दाखवले. विमानात योग्य उपकरण असेल तर उपग्रहाचा संकेत सगळ्यांना सारखाच मिळतो. तो विमानातली आसने मोजत नाही.

आणि सोलापूरकरांनी छोट्या विमानांचा उपयोग स्वतःच्या डोक्यावर पाहिलेला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात कृत्रिम पावसाचे संशोधन केले ते याच पर्जन्यछायेच्या प्रदेशात. त्यासाठीच्या कायपीक्स प्रकल्पाची विमाने सोलापूर परिसरातल्या ढगांत शिरली, काही ढगांत रसायन सोडले, काहींत मुद्दाम सोडले नाही, आणि दोहोंच्या पावसाची तुलना झाली. दुष्काळी जिल्ह्याला पाण्याचा हा अभ्यास किती मोलाचा आहे हे सांगायला नको. प्रवासी नसलेल्या, वेळापत्रक नसलेल्या अशा उड्डाणांनाही नियंत्रक, हवामानाची माहिती, मोकळी करून दिलेली हवाई हद्द हे सगळे लागतेच.

शेजारच्या कलबुर्गीचे उदाहरण ताजे आहे. तिथला विमानतळ नोव्हेंबर २०१९ मध्ये उडान योजनेखाली सुरू झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये, मदतीची मुदत सरल्यावर, स्टार एअरने तिथली बंगळुरू सेवा थांबवली. साधारण त्याच सुमारास त्याच कंपनीची सोलापूर–मुंबई सेवा नव्या अनुदानावर सुरू होत होती. आसनाला जोडलेला पैसा असाच एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो. कलबुर्गीत प्रशिक्षण संस्थांना दिलेल्या जागा आहेत, म्हणून नियमित विमान गेल्यावरही तिथल्या धावपट्टीला काम राहू शकते. सोलापूरकडे आज तो आधार नाही.

म्हणून सोलापूरच्या मदतीचा पुढचा प्रस्ताव मंत्रालयात जाईल तेव्हा त्यात आसनांच्या आकड्याखाली आणखी दोन ओळी असाव्यात. एक, टॉवर सकाळपासून सूर्यास्तापर्यंत रोज उघडा राहील आणि वाढीव तासांचा खर्च राज्य उचलेल. दुसरी, प्रशिक्षण आणि संशोधनाच्या विमानांना त्या तासांत मोफत वापर मिळेल. वर्षाला अठरा कोटींची आसने घेणाऱ्या सरकारने त्याच टॉवरची रिकामी दुपारही मागून घ्यावी.